लेकींचा उतार

"किती झाले?" मामाजींनी नदीकडे पाठ करून विचारलं. मामाजी म्हणजे माझे सासरे, डोमाजी.

"आपले एकवीस," हिवराज म्हणाला. "आन त्यायचे एकोनीस."

"त्यायचे मी इचारले काय?"

हिवराज माझा नवरा. त्याने मान खाली घातली आणि तो भाजलेले हरभरे सोलायला लागला. भांडण त्याच्या स्वभावातच नव्हतं. दोन हट्टी माणसांच्या मधे बसून हरभरे सोलायलाच देवाने त्याला धाडलं असावं. मी चुलीपुढे होते. धुराचं निमित्त करून तोंड फिरवलं, कारण मला हसूही येत होतं आणि रडूही.

आकडे होते खुंटांचे. आणि "त्यायचे" म्हणजे माझ्या वडिलांचे.

आमचं भिवघाट वैनगंगेच्या मावळतीच्या काठावर, आणि माझं माहेर उमरटोला समोरच उगवतीच्या काठावर. पावसाळ्यात नदी सगळं पात्र उलटंपालटं करते. गेल्या वर्षी जिथे बैलबंडीची वाट होती तिथे यंदा डोह, आणि जिथे डोह होता तिथे वाळू. म्हणून दर वर्षी माघात पाणी टोंगळ्यापर्यंत, म्हणजे गुडघ्यापर्यंत, उतरलं की उतार, म्हणजे नदी ओलांडायची उथळ वाट, नव्याने शोधावा लागायचा. दोन्ही काठांवरून एकेक माणूस अनवाणी पाण्यात उतरायचा, हातात लांब बांबू. तळपायाने वाळू चाचपायची. कडक लागली तर खुंट ठोकायचा, त्याला पळसाची फुललेली डहाळी बांधायची, आणि पुढे दहा पावलं. मधोमध दोघांची गाठ पडली की शेवटचा खुंट दोघांनी मिळून ठोकायचा, एका काडीवर दोन बिड्या पेटवायच्या आणि ओरडायचं, "उतार लागला हो!" तिथून पावसाळ्यापर्यंत बंड्या, गुरं, वराती, सगळं त्या खुंटांच्या धोरणाने जायचं.

उताराचा मान भिवघाटात मामाजींच्या घरी आणि उमरटोल्यात माझ्या बाबांकडे, मुखरूंकडे. आमचं लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, आता काय, उतार घरातल्या घरातच.

मग वैशाखात वरात आली. अकरा बंड्या. पुढच्या बंडीत केशरी फेटा बांधून मामाजी. नदी जवळजवळ पार झाली होती, बाबांच्या बाजूची शेवटची वीस-पंचवीस पावलं उरली होती, आणि बंडी आसापर्यंत रुतली. मामाजी उतरायला गेले ते पाण्यात बसले. फेटा वाहून गेला. तो वऱ्हाडातल्या पोरांनी खाली अर्ध्या कोसावर पकडला म्हणे. मामाजी निथळत मांडवात आले आणि पाचशे माणसांदेखत म्हणाले, "या मानसाले उतार लावता येत नाई."

बाबांच्या हातात पाय धुवायचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला. "उतार सोळा आने हाये. बंडी हाकता येत नाई त्याले कोन काय करन?"

लग्न लागलं, पंगती उठल्या, पण व्याही व्याह्याला आमच्याकडे जे म्हणतात तो "इवाई" हा शब्द दोघांच्याही तोंडून निघाला नाही. त्या दिवसापासून मामाजी माझ्या वडिलांना "तिकडचा" म्हणत. बाबा डोंगेवाल्याजवळ, म्हणजे नावाड्याजवळ, निरोप पाठवत, "त्या मानसाले सांगजो, माही पोरगी बरी हाये काय ते कळवाले." डोंगेवाला बिचारा निरोप सांगताना "त्या मानसाले" तेवढं गाळायचा.

आमच्यात रीत अशी, की लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी जायची तर माहेरचं माणूस न्यायला आलं पाहिजे. मला भाऊ नाही. न्यायला येतील तर बाबाच. दिवाळी आली, बाबा आले नाहीत. संक्रांत आली, बाबा आले नाहीत. "त्याच्या घराची पायरी मी चढनार नाई," हे त्यांचं. आणि "न्यायाले आल्याबिगर माही सून जानार नाई," हे यांचं. डोंगा दिवसातून चार वेळा जायचा, समोरच्या काठावर आईने घातलेलं सारवण मला इकडून दिसायचं, आणि मी दहा महिने माहेरी गेले नव्हते. वर मला पाचवा महिना लागला होता.

एक सुटका होती. उतार लागला, की त्या दिवशी लेकींना न्यायला कोणी यावं लागत नाही. दोन्ही गावच्या सगळ्या सुना शेवटचा खुंट ठोकल्याबरोबर आपापल्या माहेरी चालत सुटतात. त्याला लेकींचा उतार म्हणतात. त्या दिवशी सासऱ्यालाही नाही म्हणता येत नाही. मी थंडीभर त्याच दिवसाकडे डोळे लावून बसले होते.

सकाळी घाटावर जायची तर नदीवर धुकं असायचं, पलीकडचं काहीच दिसायचं नाही, पण आईच्या मुसळाचा आवाज यायचा. धुकं उठलं की आई काठावरच्या सावरीच्या झाडाला तिचं लाल लुगडं वाळत टाकायची. मग मी इकडे माझं हिरवं टाकायची. त्याचा अर्थ, मी ठीक आहे. एकदा मला ताप होता, दोन दिवस लुगडं टाकलं नाही, तर तिसऱ्या दिवशी डोंगेवाल्याजवळ सुंठ-गुळाची पुडी आली. निरोप काहीच नाही. मी ती पुडी छातीशी धरून खूप रडले.

मग हळूहळू थंडी मागे सरली. पाण्यातून वाळू वर यायला लागली. सकाळी पाहावं तर कालच्यापेक्षा चार हात जास्त. पाणी हिरवं, स्वच्छ, तळाशी झिंगे चालताना दिसायचे. काठच्या लाखोरीला निळी फुलं आली. दुपारचा वारा कोमट व्हायला लागला. चकव्यांची जोडी आता उडून जाईल, मग जाईल, असं आम्ही रोज म्हणायचो. आणि एका आठवड्यात दोन्ही काठांचा पळस असा पेटला की घरात बसवेना. दोन्ही काठांवरून एकाच दिवशी दोन माणसं बांबू घेऊन पाण्यात उतरली.

दर वर्षी एकमेकांना हाक देत, वर-खाली सरकत, दोघं मधोमध यायचे. यंदा हाक कोण देणार? मामाजींनी आपली ओळ सरळ नेली. बाबांनी आपली. मध्यावर पोहोचले तेव्हा मामाजी वरच्या अंगाला आणि बाबा खालच्या अंगाला, आणि मधे पन्नास पावलांचं अंतर. दोन्ही ओळी एकमेकींकडे न पाहता उभ्या. आणि त्या पन्नास पावलांच्या खालच्या बाजूला भिंगरीचा डोह, ज्यात म्हैस बुडते.

"त्यानं वर याव," मामाजी म्हणत.

"त्यानं खाली याव," असं बाबा म्हणत असल्याचं डोंगेवाला सांगे.

याला आठ दिवस झाले. रोज दोघं सकाळी आपापल्या शेवटच्या खुंटापाशी जाऊन उभे राहत, दुसऱ्याकडे पाठ करून बिडी ओढत, आणि परत येत. पळसाच्या डहाळ्या सुकल्या की नव्या बांधत. पूजा करावी तितक्या भक्तीने.

"मरा म्हना दोघंही!" सासूबाई धुणं आपटत म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची; त्यांचं माहेरही उमरटोलाच. "तीस वर्षं झाली व मले. एक बी लेकींचा उतार चुकला नाई. माह्या भावानं तिळाचे लाडू केले असन, ते आता कुबट झाले असन."

"तुमी मामाजीले सांगा ना आत्याबाई."

"सांगतलं. तर म्हनते, लाडू डोंग्यानं मागव." त्यांनी पिळा असा दिला की लुगडं फाटायचंच राहिलं. "आन तू काय करून रायली पान्यात इतक्या येळची? सर्दी होईन. पोटात लेकरू हाये ना तुह्या?"

"पाय धुवून रायली जी," मी म्हटलं.

संध्याकाळी मी मामाजींशी बोलून पाहिलं. ते रानातून येताना माझ्यासाठी ओटीत बोरं घेऊन यायचे. आंबट मला लागतं म्हणून काठावरचं कोणतं झाड आंबट ते त्यांनी चाखून चाखून ठरवलं होतं. माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर राग धरता येईना.

"मामाजी, सगळ्या बायका वाट पाहून रायल्या."

"पाहू दे."

"मले मायले भेटाचं हाये जी."

त्यांनी बोरं माझ्या पदरात ओतली. मग म्हणाले, "बाई, तुह्या बापानं माहा फेटा पान्यात घातला, त्याचं काई नाई. पन त्यानं म्हनलं का मले बंडी हाकता येत नाई. मी बारा वर्साचा होतो तवापासून बंडी हाकतो." त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. मला हसावं की काय करावं कळेना. आणि पलीकडच्या काठावर असाच दुसरा माणूस, सोळा आणे उतार लावतो म्हणून डोळे भरून बसला असणार, हेही मला ठाऊक होतं. मी त्याच माणसाची मुलगी.

बाबांना मुलगा नव्हता. त्यामुळे लहानपणी ते उताराला निघाले की मी मागे मागे जायची. बाईला उताराचा मान नाही, पण पोरीच्या पायांना कोण अडवतो? जाड वाळू पायाखाली कशी करकरते, बारीक वाळू आधी गुदगुल्या करते आणि मग कशी गिळते, हे मला चालायला यायच्या आधी नसलं तरी लिहायला यायच्या आधी येत होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी हिवराजला म्हटलं, "मले चार खुंट तासून दे."

"कायले?"

"वालाच्या वेलाले आधार."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरी वाल नव्हता. हिवराज उठला, बांबू घेतला, आणि चार खुंट तासून त्यांची टोकं चांगली धारदार केली. मग स्वतःच आणखी एक केला. "एखादा जास्त असला तर बरा," तो म्हणाला. दहा महिन्यांत नवऱ्यावर माझा इतका जीव कधी आला नव्हता.

सकाळी दोघं आपापल्या शेवटच्या खुंटाशी जायच्या आधीच मी पाण्यात उतरले. लुगडं वर खोचलेलं, काखेत पाच खुंट, हातात मोगरी. धुकं नुकतंच उठत होतं. पाणी थंड होतं पण वारा नव्हता, आणि दोन्ही काठांचा पळस पाण्यात दिसत होता. मी मामाजींच्या ओळीने चालत मध्यापर्यंत गेले. त्यांच्या शेवटच्या खुंटाला हात लावून नमस्कार केला. मग तिथून तिरपी, खालच्या अंगाने, बाबांच्या ओळीकडे निघाले. दहा पावलं, एक खुंट. दहा पावलं, दुसरा.

तिसरा ठोकला तेव्हा काठावरून आवाज आला.

"पुस्तकला!" मामाजी. पुस्तकला माझं नाव. "कोठी चालली व? माघारी ये! तिकडं भिंगरीचा डोह हाये!"

मोगरीचा आवाज पलीकडेही गेला होता. "कले!" बाबांचा आवाज मी दहा महिन्यांनी ऐकला. "पोरी, थांब! हालू नको तेथून!"

मी आणखी दोन पावलं टाकली, डोहाच्या बाजूला. आणि मोठ्यांदा ओरडले, "बाबा! मामाजी! पाय रुतले! निंगत नाई!"

मग जे झालं ते दोन्ही काठांवरच्या लोकांनी पाहिलं. मामाजी पन्नाशीचे, बाबा पंचावन्नचे, दोघं धोतर वर धरून पाण्यातून धावत सुटले. एक इकडून, एक तिकडून. आणि धावता धावता दोघं एकच ओरडत होते.

"वरच्या अंगाले हो! वरच्या अंगाले!"

"वरच्या अंगाले झुक, बाई!"

कोणता आवाज कोणाचा ते मलाही कळेना. दोघं एकाच वेळी पोहोचले. मामाजींनी माझा एक दंड धरला, बाबांनी दुसरा. दोघांना धाप लागलेली. एकमेकांकडे पाहायची सोय नव्हती, म्हणून दोघंही माझ्यावरच ओरडले.

"पोटुशी बाई हायेस, अक्कल हाये काय?" मामाजी.

"तुले मी हेच शिकवलं?" बाबा.

"तुमी दोघं कसे आले?" मी विचारलं.

"कसे म्हंजे? धावत आलो."

"मामाजी तिकडून आले, बाबा इकडून. कोनी रुतलं?"

मामाजींनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या एकविसाव्या खुंटापासून माझ्या तीन खुंटांवरून ते आले होते. बाबांनी मागे पाहिलं. त्यांच्या एकोणिसाव्या खुंटापासून मधली वीस पावलं तेही धावत आले होते, आणि पाणी कुठेच टोंगळ्याच्या वर नव्हतं. काठावरच्या बायकांना काय झालं ते आमच्या आधी कळलं. इकडून आत्याबाईंनी आरोळी ठोकली, ती अजून माझ्या कानात आहे.

"आधी पोरीचा पाय काढा," मामाजी कोणालाच उद्देशून म्हणाले.

बाबा वाकले. पाण्यात हात घालून त्यांनी माझ्या घोट्याभोवती बोटं फिरवली. आणि ती बोटं तिथेच थांबली.

कारण माझा पाय रुतलेला नव्हता. मी चार दिवस धुण्याच्या निमित्ताने, रोज सगळ्यांच्या नंतर घाटावर रेंगाळून, मग मध्यापर्यंत जाऊन, पायाने वाळूचा तो मधला दांडा चाचपून ठेवला होता. करकरीत जाड वाळू. त्यावरून बंडीच काय, हत्ती गेला असता. डोह माझ्यापासून पाच पावलांवर होता, आणि तो कुठे सुरू होतो हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाबांनी वाकूनच मान वर केली. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. आता थप्पड बसते, असं वाटलं. बाईच्या जातीने उताराशी खोटं बोलावं, हे त्यांच्या लेखी देवाशी खोटं बोलण्यासारखं होतं. मी डोळे मिटून घेतले.

"लय रुतली हाये जी, इवाई," बाबा म्हणाले. "एकट्यानं नाई निंगनार. तुमी बी हात लावा."

मामाजीही वाकले. दोघांनी मिळून माझा तो धडधाकट पाय वाळूतून ओढून काढला. मी चांगली कण्हले. दोघांनी मला वरच्या अंगाला उभं केलं, आणि मी काखेतले उरलेले दोन खुंट पुढे केले.

एक मधे ठोकला. शेवटचा हिवराजने जास्तीचा तासलेला. बाबांनी धरला, मामाजींनी मोगरी मारली, मग मामाजींनी धरला आणि बाबांनी मारली. पळसाची डहाळी नव्हती, तर मामाजींनी आपल्या पागोट्यात खोचलेली काढून बांधली. बाबांच्या बिड्या भिजल्या होत्या. मामाजींच्या कोरड्या होत्या. एका काडीवर दोन पेटल्या.

"बंडी तशी तुमी चांगली हाकता," बाबा धूर सोडत म्हणाले. "त्या दिवशी बैल बुजला असन."

"बैलच बुजला," मामाजी म्हणाले. "उताराले काई झालं नव्हतं."

मग दोघं एकदमच ओरडले, आणि दोन्ही काठांवरून बायका पाण्यात उतरल्या. डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं, कोणी रडतेय, कोणी शिव्या देत हसतेय. आत्याबाई सगळ्यांच्या पुढे. मला मागे टाकून जाताना म्हणाल्या, "मोठी पाय धुनारी!" आणि थांबल्यासुद्धा नाहीत, लाडवांकडे निघून गेल्या.

आई सावरीखाली उभी होती. लाल लुगडं अजून झाडावर टाकायचं होतं, तिच्या हातातच होतं. मी काठावर पाऊल ठेवल्याबरोबर तिने ते ओल्या लुगड्यावरून माझ्या अंगाभोवती गुंडाळलं, आणि मला घट्ट धरून ठेवलं. मी इतकी आनंदात होते, की आधी काय सांगायचं तेच सुचेना.

माझी मुलगी जेठात उमरटोल्यातच झाली. तिला पाहायला मामाजी पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून तीनदा बंडी हाकत यायचे. बाबा काठावर जाऊन उभे राहायचे, बंडी कुठेच रुतत नाही ते पाहायचे, आणि दोघंही खूश व्हायचे. त्या वर्षापासून मधला खुंट धरायला मला बोलावणं यायला लागलं. मान म्हणून नव्हे, असं मामाजी म्हणत. पोरीचा पाय रुतायची सवय आहे, लक्ष ठेवावं लागतं, म्हणून.

याला आता अडतीस वर्षं झाली. वरच्या अंगाला पूल झाला आहे. बाबा आधी गेले. मामाजी त्यांच्या मागे पुष्कळ जगले. शेवटच्या माघात मी त्यांची खाट अंगणात उन्हाला टाकायची. तिथून नदी दिसायची, आणि नदीपलीकडचा पळस. एक दिवस मी त्यांना बोरं निवडून देत होते. दात नव्हते, तरी चघळायला मागायचे. एकाएकी म्हणाले, "पुस्तकला, त्या दिवशी तुह्या पायाखालची वाळू खळ्यावानी कडक होती."

मी बोरं खाली ठेवली. "तुमाले मालूम होतं, मामाजी?"

"मी बी वाकलो होतो ना. हात लावला होता."

"मंग तवाच काहून नाई बोलले जी?"

मामाजींनी तोंडातली बी काढून माझ्या हातावर ठेवली.

"दहा मयन्यानं तुह्या बापानं मले इवाई म्हनलं होतं," ते म्हणाले. "ते आयकू, का वाळू चाचपू?"